देवीने दोनदा हो म्हटलं होतं

आबा, तुमचा नातू माझ्याशी बोलत नाही. एकाच खोलीत राहतो आम्ही, भांडुपच्या डोंगरउतारावर. ही खोली तुम्ही पाहिलेली नाही. मी स्टोव्हपाशी बसलो की तो दाराशी जाऊन बसतो, मी दाराशी गेलो की आत येतो. जेवायला एकाच वेळी बसलो तर मध्ये तुमची सून असते. तो तिला म्हणतो, त्यांना विचार, रेशन ते आणणार की मी आणू. मी तिला म्हणतो, त्याला सांग, आणतो म्हणून. परवा तिने आमटीचा डाव पातेल्यात आपटला आणि म्हणाली, "मी काय टेलिफोन आहे का रे तुमचा? त्याला तरी महिन्याचं भाडं मिळतं." आम्ही दोघंही खाली बघून जेवत राहिलो. महिना होत आला याला. तुम्ही गेलात तेव्हा हा जन्मायचा होता, म्हणून त्याचा चेहरा तुम्हाला माहीत नाही. पण न बोलता जेवताना त्याचा जबडा कसा दिसतो ते तुम्हाला सांगायला नको. तो तुमचाच आहे.

हे सगळं सुरू झालं त्याच्या आधी आमचं एक भांडण झालं होतं, आणि ते तुमच्यावरून होतं. पेपरात दंगलीची बातमी होती. वाचून त्याने पेपर खाली ठेवला आणि म्हणाला, बाबा, माणूस मुळात इतका वाईट नसतो, धर्म त्याला वाईट करतो. देव काढून टाका, निम्मी क्रूरता उद्या बंद होईल. मी देवाचं करणारा माणूस. रोज सकाळी आंघोळ करून पूजा केल्याशिवाय चहा घेत नाही, शनिवारी भजनाला जातो. पण अशा बोलण्याने मी चिडत नाही. या वयात पोरं बोलतात. मी एवढंच म्हणालो की देव मानणारे सगळेच काही तसे नसतात. त्यावर तो म्हणाला, "आजोबा घ्या. तुम्हीच सांगितलंत ना, काकाआजोबांचं काय केलं ते? कोणाच्या नावावर केलं? देवीच्याच ना?" मला उत्तर देता आलं नाही. खरं म्हणजे उत्तर होतं. ते इतकी वर्षं मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याला सांगण्याआधी ते तुम्हाला सांगायला हवं होतं आणि तुम्ही तर केव्हाच गेलात. म्हणून हे लिहायला बसलोय.

तुमच्याबद्दल वाईट लिहायचं तर आधी चांगलं लिहावं लागेल, नाहीतर ते खोटं होईल. घाटकोपरची आपली गावकीची खोली मला अजून दिसते. कुर्ल्याच्या गिरणीत जाणारी गावची वीसेक माणसं एका खोलीत, पाळी संपवून एकजण आला की उठून गेलेल्याच्या अंथरुणावर आडवा होतो. मी सातवी पास होऊन गावातून आलो तेव्हा तुम्ही मला भिंतीकडची जागा दिलीत, वारा येणारी, आणि स्वतः दाराशी झोपलात. कोणाला ताप आला तर त्याची पाळी तुम्ही भरत होता. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष तुम्ही. रविवारी खोलीत सतरंजी घालून गावकीची बैठक बसवत होता आणि तुम्ही बोललात की विषय संपत होता. तुम्हाला खोटं बोलताना मी त्या एका दिवसाखेरीज कधीच पाहिलं नाही. आणि रविवारी मासे कोण करायचं त्या खोलीत? काका करायचे, तुमचे सख्खे चुलतभाऊ. बांगड्याचं तिखलं करताना ते स्टोव्हपाशी कोणाला येऊ देत नसत, आणि पहिलं वाढप तुमच्या ताटात टाकून तुमच्या तोंडाकडे बघत बसत. तुम्ही मान हलवलीत की मग बाकीच्यांना.

त्या काकांनी आपल्या विधवा बहिणीचं दुसरं लग्न लावून दिलं. मुलुंडला, चांगल्या माणसाशी, गावकीला न विचारता. एवढाच गुन्हा. गावात बैठक झाली, इथे बैठक झाली, आणि तुम्ही सांगितलंत की आजपासून त्याच्या घरी कोणी जायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, लग्नकार्यात बोलवायचं नाही, त्याच्या विस्तवाला विस्तव द्यायचा नाही. त्यांची ट्रंक खोलीबाहेर जिन्यात ठेवली गेली. ती कोणी ठेवली ते मला माहीत नाही. मी पाळीवरून आलो तेव्हा ती जिन्यात होती आणि काका तिच्याशेजारी पायरीवर बसले होते. वीस माणसं त्यांच्या अंगावरून वर गेली. गावात त्यांच्या बायकोला विहिरीवर कोणी कळशी उचलून देईना. त्या रविवारी मासे नव्हते. जेवताना मी सहज म्हणालो, काका असते तर. तुम्ही ताट पुढे सरकवलंत आणि उठून हात धुतलेत. तुमचं ते उठणं मला कुठल्याही माराहून जास्त लागलं, आणि पुढे कितीतरी दिवस मी ते नाव घेतलं नाही.

दोन वर्षांनी काकी गेल्या. गावात त्यांना खांदा द्यायला माणूस नव्हता. काकांनी आणि मुलुंडहून धावत गेलेल्या मेव्हण्याने कसंतरी केलं. त्यानंतर काकांनी निरोप पाठवला की झालं ते पुष्कळ झालं, मला घरात घ्या. इथे तुम्ही जे केलंत ते मी अजून विसरलेलो नाही, कारण आधी तुम्ही योग्य तेच केलंत. तुम्ही म्हणालात, हा निर्णय माणसाने करायचा नाही, देवीला विचारू. शिमग्याला गावी गेलो तेव्हा सगळे मानकरी देवळात जमले. मी वीस वर्षांचा होतो, खांबाला टेकून उभा होतो. गुरवाने देवीच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या, उजवीकडे आणि डावीकडे, आणि गाऱ्हाणं घातलं: आई, हे तुझं लेकरू चुकलं असेल, याला परत घरात घ्यायचं असेल तर उजवा कौल दे, नसेल तर डावा. गाभाऱ्यात समईशिवाय उजेड नव्हता. सगळे श्वास धरून होते. आणि उजवी पाकळी पडली, आबा. मागून कोणाचा तरी सुस्कारा ऐकू आला. मला रडू आलं. देवी आहे, ती ऐकते, असं मला त्या क्षणी जितकं वाटलं तितकं आयुष्यात कधी वाटलं नाही. आणि तुम्ही म्हणालात, "परत लाव."

गुरवाने परत लावल्या. परत उजवीच पडली. मानकऱ्यांत कुजबूज झाली. कोणीतरी म्हणालं, गाऱ्हाणं नीट घातलं नाही, कोणी म्हणालं, पाकळी जास्त ओली आहे. गुरव तुमच्याकडे वळला. म्हातारा होता. तो म्हणाला, "देवीन दोनदा उजवो दिल्यान, आबा. आता आणखी काय इचारू तिका?" तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. देवीकडे बघत तेच दोन शब्द पुन्हा म्हणालात. तिसऱ्यांदा डावी पडली. तुम्ही हात जोडलेत, वळलात, आणि सगळ्यांना सांगितलंत की देवीचा हुकूम झाला, त्याला घेता येत नाही. घंटा वाजवून माणसं बाहेर पडली. देवळाच्या पायऱ्या उतरताना मी धीर करून तुम्हाला विचारलं की पहिल्या दोनदा काय झालं मग. तुम्ही चालता चालता म्हणालात, "आवस आसा रे ती. ती सगळ्यांकाच पोटाशी धरतली. पण गाव असो चलाचो नाय."

हे वाक्य मी तीस वर्षं चघळतोय. देवी आई आहे, ती सगळ्यांनाच पोटाशी धरील, पण तसं गाव चालत नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तिने काय सांगितलं ते तुम्हाला गुरवापेक्षा जास्त कळलं होतं. काका पुढे मुलुंडलाच, बहिणीकडे राहिले आणि तिथेच गेले. त्यांना खांदा दिला तो शेजारच्या सिंधी कुटुंबातल्या पोरांनी, ज्यांना आपल्या देवीचं नावही ठाऊक नव्हतं. तुमचा नातू म्हणतो की हे सगळं धर्माने केलं. मी त्या देवळात होतो, मला तसं म्हणता येत नाही. देवाचं ऐकलं असतं तर काका रविवारी पुन्हा स्टोव्हपाशी बसले असते. त्या दिवशी गाभाऱ्यात देव न मानणारा कोणी असेल तर ते तुम्ही होता. गुरव मानत होता. बाकीचे तुम्हाला मानत होते.

मंडळाच्या बैठकीला मी अजून जातो. तिथले म्हातारे याच्या बरोबर उलट बोलतात. म्हणतात, देवाचं भय गेलं म्हणून माणूस जनावर झाला, ही कारखान्यातली पोरं बघा, कशाला भीत नाहीत. त्यांनाही मला उत्तर देता येत नाही, कारण ती पोरं मी रोज बघतो, आणि त्यातलं एक माझ्या घरात आहे. आमचा कारखाना आग्रा रोडला आहे. मी तिथे मशीन शॉपमध्ये आहे, तुमचा नातूही आता कायम झालाय. तिथे आमच्या युनियनचा जो पुढारी आहे तो देव मानत नाही, उघड सांगतो. खात्यातली सत्यनारायणाची पूजा त्याने बंद केली आणि ते पैसे एका कामगाराच्या ऑपरेशनला दिले. मला सगळे बुवा म्हणतात भजनामुळे, तोही म्हणतो. "बुवा, देवाला सांगा की जरा मॅनेजरच्या स्वप्नात जायला," असं म्हणून पाठीवर थाप मारतो. माणूस सोन्यासारखा आहे. कोणाच्या घरी मयत झालं तर पहिला हा. कधीकधी मला तो दाराशी झोपणारा माणूस आठवतो त्याच्याकडे बघून.

आमच्याकडे मोठा संप झाला. पावसाळा घरात बसून काढला, दिवाळीही तशीच. तुमच्या सुनेने खारवलेली मिरची आणि भात यावर घर चालवलं. काहीजण गावी गेले ते परतलेच नाहीत. त्या दिवसांत आमच्या खात्यातला एक टर्नर गेटमधून आत कामाला गेला. घाटकोपरचा, अबोल, हाताने फार चांगला. का गेला ते त्याने कोणाला सांगितलं नाही. संप मिटला, थोडं मिळालं, बरंच गेलं, आणि पहिल्याच सभेत पुढाऱ्याने सांगितलं की या माणसाशी कोणी बोलायचं नाही. हात वर करून मतं घेतली. सगळे हात वर गेले. माझाही गेला असता, पण मी त्या दिवशी तापाने घरी होतो, हे माझं नशीब. त्याच्याबरोबर चहा घ्यायचा नाही, त्याच्या बाकावर जेवायचं नाही, जड जॉब लेथच्या चकवर चढवताना त्याला हात लावायचा नाही. त्याने वेळ विचारली तरी सांगायची नाही. मी हे ऐकलं तेव्हा मला आधी हसू आलं. यातला कोणी आपल्या गावी आलेला नव्हता. पुढारी घाटावरचा. कौल म्हणजे काय हे त्याला माहीत नसेल. विस्तवाला विस्तव द्यायचा नाही, तेवढंच त्यांनी सांगायचं ठेवलं होतं.

दोन वर्षं झाली त्याला. टर्नर हळूहळू मशीनशी बोलायला लागला. चल गं बाई, सरक, असं मोठ्याने. पोरं एकमेकांना कोपर मारून हसायची. मग तेही बोलणं थांबलं. गेल्या महिन्यात त्याची बायको गेटवर आली. मला ओळखत होती, आमचं भजन ऐकलेलं तिने. तिने बाजूला घेऊन विचारलं, "बुवा, कामात काही झालंय का हो? घरीपण बोलत नाहीत आता. पोरं विचारतात, बाबा कोणावर रागावलेत." तिच्याकडूनच कळलं की संपात ती हॉस्पिटलात होती. मी म्हणालो, मग तेव्हा सांगायचं नाही का, युनियनने वर्गणी काढली असती. ती म्हणाली, ते म्हणायचे, वर्गणी कशाला, मला हात आहेत. काकाही असंच काहीतरी म्हणाले असते.

मी पुढाऱ्याकडे गेलो. सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं, डोळ्यांत पाणीही आलं त्याच्या, ते खोटं नव्हतं. मग म्हणाला, "मला वाईट वाटतं, बुवा. माणूस म्हणून मी आत्ता त्याच्या घरी जाईन. पण दयेवर युनियन चालत नाही. सगळ्यांपुढे माफी मागू दे, मग बघू." मी त्याच्या टेबलासमोर उभा होतो, आणि मला देवळाच्या पायऱ्या दिसत होत्या. ज्याला देवी सांगत होती त्याने तिचं ऐकलं नाही, आणि ज्याला देवी नाही त्याला स्वतःचे डोळे सांगत होते, त्यांचंही त्याने ऐकलं नाही. तुम्हा दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर तुम्ही देवावरून कडाक्याचं भांडला असतात आणि चहा मात्र एकमेकांना आग्रहाने पाजला असतात.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन टर्नरच्या बाकावर बसलो. कोपऱ्यातला बाक, दोन वर्षं एकट्याचा. काय बोलावं ते सुचेना. शेवटी मी म्हणालो, डाळ खारट झालीय. त्याचा घास हातातच राहिला. मग माझ्याकडे न बघता, दाराच्या दिशेने बघत तो म्हणाला, "बुवा, उठा. तुमचा मुलगा बघतोय." मी उठलो नाही. जेवण संपवलं. घरी आलो तेव्हा तुमचा नातू दाराशी उभा होता. म्हणाला, सगळ्या खात्यासमोर तुम्ही असं केलंत, उद्या मी कोणत्या तोंडाने जाऊ. मी म्हणालो, तू आजोबांना नावं ठेवत होतास, मग हे काय आहे? तो म्हणाला, "ते वेगळं. ते आंधळेपणाने केलेलं. हे आम्ही विचार करून, मतं घेऊन ठरवलंय." मी विचारलं, त्याच्या बायकोला कोणता फरक कळेल यातला? त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही. खात्यातही माझ्याशी कोणी बोलत नाही आता. त्याचं मला फारसं काही नाही, टर्नर बोलतो, थोडं थोडं. पण घरातलं हे सोसत नाही. लहानपणी ज्याला खांद्यावर घेऊन हा डोंगर चढलो तो आईकडून मला मिठाचं विचारतो.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. माझी खात्री झाली होती, आबा. पोराला धर्मावर बोट ठेवायचं होतं, मंडळातल्या म्हाताऱ्यांना नास्तिकांवर. मला वाटत होतं की मी दोन्ही बघितलेला एकटा शहाणा आहे. क्रौर्याला देव असावा लागत नाही आणि नसावाही लागत नाही. आपण बरोबर आहोत एवढं माणसाला पटलं की पुरतं, त्यातून चारजण मागे उभे असले की मग आई म्हणून समोर कोणी हो म्हणत असली तरी तिचं कोण ऐकतो. तुम्ही बरोबर होता, पुढारी बरोबर होता, तुमचा नातू बरोबर आहे. हे सगळं त्याला कसं सांगायचं याची वाक्यं मी महिनाभर मनात जुळवत होतो. तो बोलायला लागला की सांगीन म्हणत होतो.

आज सकाळी तो बोलला. नळाला पाणी आलं होतं, तुमची सून खाली दुकानात गेली होती. मी देवापुढे बसलो होतो. तो मागे येऊन उभा राहिला, मला त्याच्या पायांचा आवाज कळला. बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "बाबा, पाणी आलंय. तुमच्या आंघोळीचं पिंप भरून ठेवू?" आंघोळ करूनच मी पूजेला बसतो, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याला दुसरं काही सुचलं नसेल. मी मान वळवली नाही. पूजेत मध्येच बोलत नाहीत, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, तोही थांबला, वाट बघत राहिला. पण पूजा झाली होती, आबा. आरती होऊन गेली होती, निरांजन विझलं होतं. मी तसाच डोळे मिटून, हात जोडून बसून राहिलो, तो चप्पल घालून निघून जाईपर्यंत. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.